शेडखालची जागा

२२ फेब्रु., रवि.
चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन. शुक्रवारी पाचच्या उपासनेत मी बोलायचं. विषय: पहिल्या ख्रिस्ती मंडळींचं शेजारप्रेम. हवेतच होतो.
खाली उतरलो तर माझ्या पार्किंगच्या शेडमध्ये पुन्हा मुकादमची गाडी. हा आपल्या दापोलीचा, इथं कुवेतमध्ये समोरच्याच दारात राहतो. यावरूनच तीन आठवडे बोलणं बंद. फेब्रुवारीत सावली लागत नाही, पण प्रश्न तत्त्वाचा आहे.

२४, मंगळ.
टिपणं झकास. ते लोक स्वतः उपाशी राहून वाचलेलं अन्न भुकेल्या शेजाऱ्याला देत. त्यावर पानभर लिहिलं.
मग एक नको ते सापडलं. कुणाशी भांडण असेल तर आधी मिटवायचं, मगच प्रभुभोजनाची भाकर मोडायला बसायचं. बायकोला, सु.ला, वाचून दाखवायला नको होतं.
"मग शुक्रवारी तुम्ही दाराबाहेर उभं राहून बोलणार?"
भांडण कुठंय? आम्ही तर बोलतच नाही.

२५, बुध.
सु.ने केक केला. तिच्या मते मिटवायला मीच जायचं. ऑफिसातून आलो, चार वाजता केक घेऊन समोरची बेल वाजवली. वाक्य पाठ होतं: "झालं गेलं विसरा, माझ्यासमोर एक तुकडा खा."
मुकादम केककडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "गायकवाड, रोजा आहे."
अख्खं कुवेत आठवडाभर उपाशी. ऑफिस लवकर सुटतं तेही त्याचमुळे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
तो मात्र चौकट धरून हसत सुटला. "तीन आठवड्यांनी तोंड उघडलंत, ते यासाठी? ठेवा तो केक. शुक्रवारी दोघं इफ्तारला या. अम्मी आलीय गावाहून."
येतो म्हणालो. घरात आलो, तर सु. म्हणाली, "शुक्रवारी मगरीब पावणेसहाला, रोजा तेव्हा सुटतो. आणि तुमची उपासना पाचला."

२६, गुरु.
पाळकसाहेब म्हणतात, पत्रिकेत माझं नाव छापून झालंय. चर्च कुवेत सिटीत, आम्ही लांब अबू हलीफाला. दोन्ही जमणं शक्य नाही.
मुकादमच्या अम्मीने विचारून पाठवलं, मटण चालतं की मासे करू.
मला बोलायचंय. फार बोलायचंय. कोट इस्त्रीला दिलाय.

२७, शुक्र., साडेचार
गाडीत बसून लिहितोय. कोट अंगात, टिपणं खिशात. शेड रिकामी. मुकादम आपली गाडी रस्त्यापलीकडे उन्हात लावून शेडमध्ये उभा आहे, दुसऱ्या कुणी घुसू नये म्हणून. पहाटेपासून पाण्याचा घोट नाही त्याच्या पोटात. मघाशी काचेशी येऊन म्हणाला, "इथं आणून लावा, साहेब."
आज उपासना आहे हे त्याला माहीत नाही. मीच सांगितलं नाही.
शेजारच्या सीटवरून सु. म्हणते, "कुठं जायचं ते ठरवा, माणूस ताटकळलाय."
इंजिन चालू आहे.