उजव्या हातावरची खूण

प्रिय ताई,

मला तू 'मढ्यांचा हमाल' म्हणून चिडवतेस, ते खरंच आहे. विद्यापीठात शरीररचना शिकवतात त्या हॉलमध्ये टाकीतून प्रेतं काढायची, टेबलावर ठेवायची, वाळू नयेत म्हणून ओल्या फडक्यांनी झाकायची, एवढंच माझं काम.

सोमवारी नवा वर्ग आला. कापायला लागण्याआधी मुलं टेबलाभोवती गप्प उभी राहतात. हे तुमचे पहिले शिक्षक, मान खाली घाला, असं सर सांगतात. मीही दरवर्षी घालतो. या वेळी घातली नाही. टेबलावर एक बेवारस म्हातारा होता. औषधानं चेहरा फुगलेला, त्यावरून काही ओळखू आलं नव्हतं. पण फडकं सरकलं आणि उजव्या मनगटाच्या वर दातांची अर्धगोल खूण दिसली.

आपण लहान होतो तेव्हा, त्या दुपारी बाबांनी आईचे केस मुठीला गुंडाळले होते आणि ते तिचं डोकं उंबऱ्यावर आपटत होते. मी पलंगाखाली. तू त्या हाताला लोंबकळून दात रुतवलेस. त्यांनी तुला भिंतीवर हाणलं, तुझं मनगट मोडलं, तरी तू सोडलं नाहीस. तुझ्या तोंडात रक्त होतं आणि ते तुझं नव्हतं. बाबा निघून गेले ते गेलेच.

कुत्रा चावला असेल, बिचारा, असं ती खूण पाहून वर्गातला एक मुलगा हळहळला. माझ्या हातात हाडं कापायची करवत होती. ती त्याच्यावर उगारावी की टेबलावरच्या माणसावर, असं झालं. खाली ठेवताना माझा हात पाहिला, तो हुबेहूब बाबांचा होता. सर वाकून म्हणाले, "कुत्रा नाही. लहान मूल आहे, आणि जीव खाऊन चावलंय." मग कुणी हळहळलं नाही.

सुरुवात उजव्या हातापासून करतात. तो औषधात नीट मुरला नाही, डावा घ्या, असं मी खोटंच सांगितलं.

आई अजून दाराला आतून ट्रंक लावून झोपते. जिन्यात कुणी खोकलं की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. बाबा मेले असं मी सांगितलं तर म्हणेल, तुला कुणीतरी फसवलंय. तिला तो हातच दाखवावा लागेल. चेहऱ्यावर तिचा विश्वास बसणार नाही, तुझ्या दातांवर बसेल. पण तिला एकट्यानं त्या टेबलापाशी नेणं मला जमणार नाही, ताई. म्हणून लिहितोय. ये. तोवर त्या हाताला मी कुणाला सुरी लावू देणार नाही.

तुझाच,
पलंगाखालचा धाकटा