न मोडलेला मणका

प्रिय ढापणे,

कॉन्व्हेंटच्या मागच्या पायऱ्यांवर बसून तू रोज सकाळी माझी वेणी घालायचीस, ते परवा आठवलं. घंटेच्या आत दोन्ही वेण्यांना रिबिनी लागायला हव्यात म्हणून सिस्टरची घाई, आणि तुझं आपलं माझ्या मानेवरून बोट फिरवत मणके मोजणं चाललेलं. वरचे दोन कधीच हाताला लागायचे नाहीत. लपून बसलेत, तुझ्यासारखेच भित्रे, असं म्हणायचीस, आणि मी जरा हलले की फणीचा फटका. तुझी बोटं थंड असायची. पुढे तू डॉक्टर झालीस, तीही एक्स-रे वाचणारी, तेव्हा मी येईल-जाईल त्याला सांगत सुटले होते की हिची पहिली पेशंट मी.

म्हणून तर नातू दिवाणावरून पडला तेव्हा त्याला तुझ्याकडेच आणला. दोन वर्षांचं पोर. लेकीने त्याच्या एका पायात बूट चढवला, दुसरा उचलायला वाकली, तेवढ्यात हा खाली. मान वाकडी धरून रडत होता. तू फोटो दिव्यासमोर लावलास आणि म्हणालीस, मानेच्या दुसऱ्या मणक्यावर दातासारखं एक हाड असतं, ते बुडातून मोडलंय. ती काळी रेघ मलाही दाखवलीस. मात्र एवढंसं पडून ते मोडत नाही, कुणीतरी पोराला धरून गदागदा हलवलंय, हे मला नाही सांगितलंस. बाहेर बाकावर बसलेल्या विहीणबाईंना सांगितलंस. त्या काय, टपूनच होत्या. हिचा हात जड आहे हे आम्ही पहिल्या दिवसापासून बघतोय, म्हणाल्या. जावई आईच्या शब्दाबाहेर नाही.

कोर्टात तू साक्ष दिलीस. स्वच्छ, शांत, सिस्टरनी धडा म्हणून घ्यावा तशी. नातू त्यांच्याकडे गेला. लेकीला महिन्यातून एकदा, शेजारी कुणीतरी बसवून, भेटू द्यायचे. चार वर्षांचा झाला तेव्हा तिला बघून तो आत्याच्या मागे लपला आणि विचारलं, ही परत माझी मान मोडणार का? त्यानंतर ती गेली नाही. अजूनही जिन्यात शेजारणीने तान्हं पुढे केलं की ती दोन्ही हात पाठीमागे धरते. मी रडले की तू माझ्या पाठीवरून हात फिरवायचीस. रडूबाई, लेकीवर माया कर, पण डोळे मिटून नको, असं समजावायचीस. मी तुला चहा करून द्यायचे. तुला साखर कमी लागते, हे मी एकदाही विसरले नाही.

गेल्या महिन्यात माझीच मान धरली म्हणून फोटो काढायला गेले. तुझं हॉस्पिटल लांब पडतं आता, म्हणून इथल्याच एका पोरगेल्या डॉक्टरकडे. नातवाचा जुना फोटोही पिशवीत घातला होता. म्हातारीचा चाळा म्हण. त्याने तो खिडकीकडे धरला आणि आधी वय विचारलं. दोन वर्षं? मग यात मोडलंय काय आजी, म्हणाला. या वयात तो दात आणि खालचा मणका वेगळेच असतात, मधली कूर्चा फोटोत उमटत नाही, म्हणून ती रेघ. सहा-सात वर्षांचं होईतो आपोआप सांधतं. सगळ्याच पोरांना असते ती. मी विचारलं, इतकं छान कुणी शिकवलं रे तुला? तर हसून म्हणाला, आमच्या मॅडमनी. आणि तुझं नाव घेतलं. तुझा नातू झोपाळ्यावरून पडला होता म्हणे. त्याचा फोटो तू वर्गात लावायचीस आणि म्हणायचीस, याला मोडलं म्हणाल तर नापास. मी स्वतः सूनबाईवर संशय घेणार होते, पण घरचं पोर होतं म्हणून पुस्तक उघडून बघितलं, असंही सांगायचीस. वर्गात हशा पिकायचा.

तो वर्ग कोणत्या सालचा, ते मी विचारून घेतलं. माझा नातू तिकडे नेला त्याच्या पुढचंच. म्हणजे तो आत्याच्या मागे लपला तेव्हा तुला ठाऊक होतं. माझ्याकडे चहा पीत होतीस तेव्हाही.

माझ्या मानेचं दुखणं आता बरं होणारं नाही. तुझ्या विद्यार्थ्याने तसं सांगितलं नाही, पण माझा फोटो बघताना तो हसायचा थांबला. म्हणून कुणाला काय द्यायचं ते ठरवून टाकलंय. शिलाई मशीन लेकीला. वेणीची निळी रिबीन अजून आहे, ती तुला. नातवाचा फोटो नातवाला, पण तो तू नेऊन द्यायचा आहेस. स्वतः, विहीणबाईंच्या समोर, त्या रेघेवर बोट ठेवून. तो आता बारा वर्षांचा आहे, त्याला समजेल. गेली नाहीस तर या पत्राची प्रत तुझ्या सूनबाईच्या हातात पडेल. तुझा संशय कुणावर होता, हे वर्गाला माहीत आहे, तिला नसावं. तुझ्या नातवासाठी मात्र मी काही ठेवलेलं नाही. त्याला आई आहे.

तुझीच,
रडूबाई