मिटलेली बाब

दिग्रस, ता. ६ जानेवारी २०२५

चि. प्रियंकास डोमाजीकाकाचा जयभीम व आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. थंडीनं तुझ्या कौसल्याकाकूचे गुडघे धरले. तू जिनिव्हात वकिली करून राह्यली, पण अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच. फोनवर मले ऐकू येत नाही, म्हणून तेच लावून वाचतो.

आपल्या धम्मरत्नची तक्रार तिथल्या मानवाधिकार समितीत देऊन वर्ष होत आलं. उत्तर आलं काय? पहिल्या न्यायालयात, पोरगा परदेशात जिथं होता तिथल्या सरकारनं 'खेद आहे' एवढं लिहून देल्लं, मी समझोत्यावर सही केली, अन् केस संपली. व्हिसा संपला म्हणून आमच्या पोराले कोंडलं. दमा उठला. सोबती पाऊण तास दार ठोकत होते, अन् आतच त्याचा जीव गेला. ते दार काहून उघडलं नाही, हे कोणीच विचारलं नाही. आम्हाले तेवढंच पाहिजे.

जिवाले जप. आठवण ठेव.
तुझा काका

जिनिव्हा, ता. १९ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस प्रियंकाचा सा. जयभीम. वि. वि.

समितीचा निर्णय काल आला. तक्रार दाखलच करून घेतली नाही. हीच बाब दुसऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मिटली आहे, आणि अशी बाब पुन्हा ऐकू नये अशी अट त्या देशाने समितीला मान्यता देतानाच घातलेली आहे. मी मांडलं की तिथे चौकशी झालीच नाही, साक्षीदार ऐकले नाहीत, नुसता समझोता झाला. ते म्हणतात, न्यायालयाने समझोता तपासून मान्य केला, म्हणजे बाब तपासली गेली. याच्या पुढे दार नाही.

काका, एक गोष्ट तुम्ही कधी बोलून दाखवली नाही. सहीचा कागद आला तेव्हा मी नागपूरला कायदा शिकत होते. तुम्ही तो घेऊन एसटीने माझ्याकडे आलात. मीच म्हटलं, सही करा, नाहीतर दहा वर्षं जातील. या सहीने पुढची दारं बंद होतील, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि मला ते माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं.

काकूंना कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. रागवा, पण लिहीत राहा.
आपली प्रियंका

दिग्रस, ता. ८ मार्च २०२५

चि. प्रियंकास जयभीम.

पत्र काकूले वाचून दाखवलं. मिटलं म्हणजे कोणाचं मिटलं, असं तिनं विचारलं. तुझी चूक नाही, असं लिहायले बसलो होतो. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. आज तरी लिहिणं होत नाही. तुले खोटं काहून लिहू?

दोन दिवसानं काकू म्हणाली, कागद घ्या. तिनं सांगितलं ते मी लिहिलं. त्या दिवशी दारावर जो शिपाई होता, त्याच्यासाठी आहे. नाव ठाऊक नाही, त्या कोंडवाड्याच्या पत्त्यावर पाठव. त्यायच्या भाषेत करशील तर शब्दाले शब्द कर, आपलं काही घालू नको.

"भाऊ, मी धम्मरत्नची माय. तुमच्यावर केस नाही, आता होऊही शकत नाही, तसा निकाल लागला. म्हणजे तुम्हाले भ्यायचं कारण नाही. तर आता खरं सांगा. आतून माझा पोरगा काय म्हणत होता?"

पोचल्याचं कळव.
काका