वकीलपत्राशिवाय

सर, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि तुमच्यावर चिडायला मला आत्ता सवड मिळाली आहे. साकोलीतल्या तुमच्या ऑफिसात मी नवी असताना एका गावकऱ्याला परस्पर अर्ज लिहून दिला होता. वकीलपत्र नाही, पुढची जबाबदारी नाही, नुसता अर्ज. तुम्ही तो सगळ्यांसमोर फाडलात. "अर्ज तू लिहून देशीन अन् कोर्टात तो एकटा उभा राहीन? पोहता येत नाही त्याले बोडीत ढकलून काठावर का शेंगा खात बसशीन?" त्या दिवशी मी डबा न खाता घरी गेले होते. तुमचं वकीलपत्र लागलं की माणूस एकटा पडत नसे, हे खरं. पण तारखा घेता घेता म्हातारा होत असे, हेही खरं, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.

आता मी तेच काम करते. पूर्ण वकिलाची फी ज्यांना झेपत नाही त्यांचा कोर्टात द्यायचा जबाब लिहून देते, कुठं उभं राहायचं, काय म्हणायचं ते समजावते. वकीलपत्र टाकत नाही, कागदावर माझं नाव नसतं. लोक आपलं आपण लढतात, आणि पुष्कळदा निभावून नेतात. मला त्याचा अभिमानसुद्धा होता.

गेल्या वर्षी एक बाई आली. नवऱ्यानं टाकलेली, वीस वर्षं वडिलांच्या घरात दोन खोल्यांत राहणारी. वडील गेल्यावर भावानं घर खाली करून मागायला दावा लावला होता. घर वडिलांचं, तिचाही हिस्सा, मी चांगला पाच पानी जबाब लिहिला. ती घाबरली होती. "साहेबानं काई इचारलं त का सांगू, मॅडम?" मी घाईत होते. म्हटलं, वाद घालू नका, विचारतील त्याला हो म्हणा. मी जबाब दाखल करण्याच्या दिवसापुरतं बोलत होते. जबाब तुमचाच ना, सही तुमचीच ना, एवढंच विचारतात. पण हे 'एवढ्यापुरतं' मी तिला सांगितलंच नाही.

पुढच्या तारखेला मी माझ्या दुसऱ्या कामासाठी त्याच कोर्टात मागच्या बाकावर बसले आहे. दाराबाहेरच्या व्हरांड्यात भाऊ तिला म्हणतो, ते मला बाकावरून ऐकू येतं, "बाई, घरातलं भांडण घरात मिटवून टाकू," आणि एका कागदावर सही घेतो. मला वाटतं, मुदत मागत असतील. पुकारा होतो. तो तडजोडीचा कागद निघतो, तीन महिन्यांत घर सोडण्याचा. न्यायाधीश कागद चाळतात. वकील आहेत? नाही. अटी मान्य आहेत? "हो." समजून सही केली? "हो." मग ती मागं वळून माझ्याकडे पाहते.

साहेब, बाईंना अटी वाचून दाखवाव्यात. एवढंच म्हणायचं होतं, कोणीही वकील म्हणू शकतो. पण मग तुम्ही कोण, असं विचारलं गेलं असतं, आणि मी नाव न लावता कागद लिहिते हे सगळ्या बारला कळलं असतं. मी फाइलमध्ये डोकं घातलं. मला स्वतःची किळस येते.

हा कागद कुठल्याच फाइलला लागायचा नाही, म्हणून पुढचंही लिहिते. सोमवारी ती आली होती. आता कोंढ्याला मावशीच्या पडवीत राहते. काही होऊ शकतं का, विचारत होती. होऊ शकतं. पण तिला अटी वाचून न दाखवता हुकूम झाला, हे पाहिलेलं कोणीतरी पुढं यायला हवं, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमी त मांगं बसल्या होत्या ना, मॅडम? मी पायलं तुमच्याकडे. चुकत असती त तुमी उठल्या असत्या, असं वाटलं मले."

मी म्हणाले, त्या दिवशी मी भंडाऱ्याला होते.

तिनं लगेच मानलं. "मंग माह्याच नजरेत फरक पडला असन," म्हणाली, आणि माझा वेळ घेतला म्हणून हात जोडून निघून गेली.