चहात बुडवलेली लेस

३ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून तू चष्मा पुसून परत वाचशील, याची खात्री आहे. फोन करता आला असता, पण तुमचा फोन बैठकीत, आईच्या शिवणयंत्राला अगदी चिकटून. माझा फोन आहे म्हटलं की ती उठून आत जाते हे तू मला कधी सांगितलं नाहीस, पण खुर्ची सरकल्याचा आवाज इथवर येतो. म्हणून हा कागदाचा मार्ग.

मागणं असं, की पुढच्या महिन्यात आईला सत्तर पूर्ण होतील. तिला मी माझ्या हातचं कार्ड पाठवणार आहे. ऑफिसातली पक्की नोकरी सोडून मी ही जुन्या धाटणीची कार्डं करायला लागले, तेव्हा ती काय म्हणाली ते तुला आठवत असेल. चिंध्यांत तिचा जन्म गेला, माझा जाऊ नये म्हणून तिने मला शिकवलं, आणि मी आपण होऊन चिंध्या वेचायला निघाले. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही आणि आता दुसरं वर्ष लागलं. मला तिचं बोलणं हवंय, वहिनी. शिव्या दिल्या तरी चालेल. मी काय करते ते तिने एकदा हातात धरून बघावं, एवढंच मनात आहे.

तिच्या पत्र्याच्या डब्यात तिने स्वतः विणलेली लेस आहे. त्यातली वीतभर मला कापून पाठवशील का? बाकी सगळं माझ्याकडे आहे. जुन्या वह्यांची पानं, शिक्के पडलेली तिकिटं, मोडक्या घड्याळांची चाकं, रिळांवरची लेबलं. परवा घरमालकीणबाई डोकावल्या आणि मी रद्दीचं दुकान काढलंय का, असं विचारून गेल्या. मी हो म्हटलं, समजावत कोण बसणार.

दादाला नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी नणंद,
खारू

११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

माल सोबत ठेवला आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूच्या डब्यावर डल्ला मारीन असं वाटलं नव्हतं, पण तुझ्यासारखी नणंद असली की काहीही होऊ शकतं. आई दात दाखवायला गेल्या होत्या, तेवढ्यात उरकलं. घाईत कात्री दोनदा खाली पडली.

लेस निळ्या कागदात गुंडाळलेली होती. इतक्या वर्षांत पिवळेपणाचा एक ठिपका नाही. नाहीतरी डाग म्हटला की आईंच्या अंगावर काटा येतो. मागे तुझ्या दादाच्या शर्टावर शाई सांडली, तर दोन दिवस त्या शर्टाशी झुंजत होत्या, आणि तो मात्र तो शर्ट टाकून द्या म्हणत मागे मागे फिरत होता.

बोलण्याचं म्हणशील, तर मी आशा लावणार नाही आणि सोडणारही नाही. तुझं नाव निघालं की त्या गप्प होतात, पण उठून जात नाहीत आताशा. एवढं मी पाहिलंय. लहानपणी रस्त्यावरचं दिसेल ते उचलून उशीखाली साठवायचीस म्हणून सासऱ्यांनी तुझं नाव खारू ठेवलं, ही गोष्ट परवा आईंनी स्वतःहून शेजारणीला सांगितली. सांगताना हसल्याही.

तुझा दादा आशीर्वाद सांगतो. स्वतः लिहीत नाही, कारण त्याच्या मते एका घरातून दोन माणसांनी लिहिणं ही उधळपट्टी आहे. प्रकृतीला जप आणि माया वाढव.

तुझी वहिनी

२५ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आज कार्ड टपालात टाकलं. टाकल्यावर पेटीच्या तोंडात हात घालून ते परत ओढता येईल का, असाही विचार करून झाला.

तुझी लेस आधी कडक चहात भिजवली आणि सावलीत वाळवली. चांगला बदामी रंग चढला. कागदालाही चहा पाजला, कडा हाताने फाडून घेतल्या, एक कोपरा मेणबत्तीवर धरून करपवला. त्यावर माझ्याकडे राहिलेला आईच्या कपडे बेतायच्या कागदाचा तुकडा, दोन शिंपल्याची बटणं आणि मधे तिची लेस. माझा माल ठेवणारी दुकानदारीण त्यावर हात फिरवत राहिली. हे तिला विकायला हवं होतं, ते मी दिलं नाही. आजवर केलेल्यांत हे सगळ्यांत चांगलं उतरलं, असं माझं मलाच वाटतंय.

आईचा चेहरा कसा झाला तो मला जसाच्या तसा लिही. मला बरं वाटावं म्हणून त्यात साखर घालू नकोस.

तुझी,
खारू

५ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

साखर घालू नकोस म्हणालीस, म्हणून लिहिते. नाहीतर हे पत्र मी लिहिलंच नसतं.

कार्ड आईंनीच घेतलं. पाकिटावरचं अक्षर बघून खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. मी स्वयंपाकघरातून मान लांब करकरून बघत होते, पण त्यांची पाठ माझ्याकडे. मग लेसवर बोट ठेवून ती मी पाठवली का, असं विचारलं. मी कबूल केलं. देताना पांढरी होती ना, एवढंच पुढे विचारलं. हो म्हटलं. मग कार्ड घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात गेले तर छोट्या बादलीत सोड्याच्या पाण्यात लेस बुडवलेली, शेजारी लिंबाची फोड. कार्डावरून उसवून काढली होती, खारू. बटणंही काढली होती. कागदाच्या फाटक्या कडा कात्रीने सरळ कापून टाकल्या होत्या आणि करपलेला कोपरा केराच्या टोपलीत. मी काही विचारायला गेले, तर त्यांनी हाताने मला गप्प केलं.

मला फार वाईट वाटलं गं. लेस मी पाठवली नसती तर हे झालं नसतं. तू जेवण टाकू नकोस.

तुझी वहिनी

९ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझा काही दोष नाही. माझं ठेवून घ्यायचं नव्हतं तर परत पाठवायचं, टाकून द्यायचं. पण टाके उसवून, बटणं वेगळी करून, माझा हात त्यावरून धुऊन काढायचा, हे काही मला गिळता येत नाही. काम करायला बसले की चहाचा वास येतो आणि उठावंसं वाटतं.

आता तिच्यासाठी मी काही करणार नाही, तिच्यापाशी माझा विषयही काढू नकोस. तू मात्र लिहीत राहा.

खारू

१४ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

आधी बस. पाणी पी. आपण दोघी काय अकलेचे कांदे आहोत ते आता सांगते.

काल आईंनी तुझ्या दादाला समोर बसवून झाप झाप झापला. बहीण तिकडे हाल काढतेय आणि हा इथे पेपर वाचत बसलाय म्हणून. तो बिचारा माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. मग एकेक बाहेर आलं. पांढरी लेस एवढ्या थोड्या दिवसांत पिवळी पडली, म्हणजे पोरीच्या खोलीच्या भिंतींना ओल असणार. कागद कडेने फाटका, म्हणजे धड कात्रीसुद्धा नसणार. कोपरा करपलेला, म्हणजे वीज तोडलेली असणार आणि ती मेणबत्तीवर काम करत असणार. अशा परिस्थितीतही आईच्या वाढदिवसाला होतं नव्हतं ते चिकटवून पाठवलं, असं म्हणाल्या आणि पदराआड तोंड लपवलं. मी त्यांना सासऱ्यांच्या मागे पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

लेस त्यांनी तुझा हात पुसायला धुतली नाही. डागाळलेलं जगाला दिसू नये म्हणून धुतली, खळ घातली, इस्त्री केली आणि बटणं नीट टाके घालून पुन्हा शिवली. तुला पार्सल निघालंय. त्यात हे तुझं धुतलेलं कार्ड आहे, कोऱ्या पांढऱ्या कागदांचा गठ्ठा आहे, त्यांची स्वतःची कात्री आहे आणि ओल शोषायला म्हणून एक फडक्यांचं गाठोडं आहे. त्यांची कात्री, खारू. मला कधी हात लावू दिला नाही त्या कात्रीला.

आता माझं ऐक. काही बोलू नकोस. ओल तर ओल. त्या विरघळल्यात, तू नुसतं पार्सल मिळालं म्हणून लिही, महिन्याभरात फोनवर येतील. तुझ्या दादाचंही हेच मत आहे, आणि आमच्या दोघांचं मत जुळलं हे तुला पुरेसं वाटायला हवं.

तुझी वहिनी

२० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. कात्री मी आधी नुसतीच हातात धरून बसले.

वहिनी तुला काही सांगू नको म्हणाली होती. तिच्यावर रागावू नकोस, ती माझ्या भल्याचंच बोलते. पण तू माझ्याशी बोलावंस असं मला फार वाटतं, आणि नसलेल्या ओलीची कीव येऊन तू बोललीस तर ते माझ्याशी बोलणं होणार नाही.

आई, माझ्या खोलीत ओल नाही. ऊन येतं, दिवे आहेत, कात्र्या तीन आहेत. तुझी लेस मी मुद्दाम चहात बुडवली. कागद मी फाडला, कोपरा मीच करपवला. माझं कामच ते आहे. नव्या कोऱ्या वस्तूला मी वय देते आणि लोक ती आवडीने घेतात. का घेतात याचा मी पुष्कळ विचार केला. जे कुणीतरी ठेवून दिलेलं असतं, त्यालाच जुनं व्हायला मिळतं. तसं काहीतरी आपल्याजवळ असावं असं माणसांना वाटतं. ज्यांच्या घरी तसलं काही उरलेलं नाही, ती माणसं माझ्याकडे येतात.

तुझ्या लेसला तुझ्या परवानगीशिवाय हात लावायला नको होता. पण तुझ्याइतकं चांगलं विणलेलं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तू धुतलेलं कार्ड मी समोर भिंतीला टेकवून ठेवलंय. त्याला पुन्हा चहा दाखवणार नाही.

आता राग आला तर येऊ दे. माया मात्र तोडू नकोस.

तुझी,
खारू

२ एप्रिल

चि. खारूस,
अ. उ. आ.

डोळे बारीक झालेत म्हणून अक्षर मोठं काढलंय. सूनबाई लिहून देते म्हणत होती, मी नको म्हटलं.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा डोकं फिरलं. डाग काढता काढता माझी बोटं सोलवटली, आणि माझी मुलगी डाग पाडून पोट भरते. तुझा दादा हसला, त्यालाही ऐकवलं. दुपारी सगळे बाहेर गेल्यावर परत वाचलं. ठेवून दिलेलं असतं त्यालाच जुनं व्हायला मिळतं, असं तू लिहिलंस. तिथून पुढे सरकेना.

मी किती जणांचं शिवलं त्याला गणती नाही. लोकांनी घातलं, आखूड झालं की धाकट्याला दिलं, विटलं की फडकं केलं. त्याबद्दल तक्रार नाही, कपडा तसाच संपायचा. पण माझ्या हातचं एकही कुणी ठेवून दिलं नाही. तुला ऑफिसातल्या खुर्चीत बसवलं तेव्हा वाटलं, हिचं तरी कुणी फडकं करणार नाही. आणि तू उठून आलीस. मी घाबरले गं. घाबरले की मला रागावण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही, हे तुझ्या वडिलांना कळायचं, तुम्हा पोरांना कळायचं कारण नाही.

लेस पुष्कळ उरली आहे. हवी तेवढी ने आणि हवं ते कर. पुढच्या वेळी चोरून मागवू नकोस, सूनबाईचा जीव अर्धा झाला होता.

तुझ्या खोलीत ऊन येतं हे वाचून बरं वाटलं. खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. ओल असती तर तुझ्याकडे यायला मला निमित्त होतं. पिशवीही भरून ठेवली होती. आता काही निमित्त नसताना यावं लागणार, आणि तसं आजवर मी कुणाकडे गेलेले नाही.

तशी आले तर चालेल का, ते कळव.

वाट बघत आहे,
आई