आयेशाचं काकडीचं उत्तर

मंगळवार, संध्याकाळ. केज.

डोकं अजून तापलेलंच आहे. आठवीच्या पेपरात प्रश्न होता, पेशीपटलाला निवडक्षम का म्हणतात? आयेशानं लिहिलं होतं, 'पटल सगळ्यांनाच वाट देत नाही. काकडीच्या फोडीला मीठ लावलं की पेशीतलं पाणी पटलातून बाहेर येतं, मीठ मात्र तसं आत शिरत नाही. म्हणून माझे अब्बा गिऱ्हाईक आल्यावरच मीठ लावतात.'

यात चूक काय? पेपर तपासणाऱ्या जाधव सरांनी त्यावर लाल पेनानं भलंमोठं शून्य काढलं! स्टाफरूममध्ये मी विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, गाईडात काकडी हाय का? उद्या सगळेच पेपरात गाडा लावतील."

व्याख्या घोकलेल्यांना मात्र पैकीच्या पैकी. त्यातल्या एकीला मी विचारलं, पटल असतं कुठं? ती फळ्याकडंच बघत राहिली.

आणि मी? वाद घातला, पण ते लाल शून्य खोडायची हिंमत झाली का? वर्गात पेपर तसाच वाटून टाकला. आयेशानं तो घडी घालून दप्तरात ठेवला.

शाळा सुटल्यावर एसटी स्टँडवर आले, तर जाधव सर आयेशाच्या अब्बांच्या काकडीच्या गाड्यावर! ती शेजारी उभी राहून फोडी करत होती.

सर तिला म्हणाले, "मीठ पुडीत वेगळं बांध गं. घरी जाईस्तोवर लई पाणी सुटतंय."

आयेशानं पुडी बांधली, त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "काहून सुटतंय पाणी, सर?"