शेरा : क्लम्झी

दौंड, ५ मे २०२५

ती. आबांस,
तेजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारच्या खोलीतल्या मुली हसतात. म्हणून पत्र.

कुरकुंभच्या औषध कंपनीत मला पाच महिने झाले. बाटल्यांना लेबलं लावते. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते याच महिन्यात ठरेल. परवा साहेबांनी माझ्या कामाबद्दल शेरा लिहिला, क्लम्झी. बाकी काय लिहू? आजीच्या गुडघ्यांना जपा.

तुमच्या दोन ओळींची वाट पाहणारी,
तेजश्री

वडगाव रासाई, ११ मे २०२५

चि. तेजश्री हिस,
आबांचे अनेक आशीर्वाद.

शेरा वाचून ऊर भरून आला. आपल्या घरात साहेबाचा इंग्रजी शेरा मिळवणारी तू पहिलीच. तुझ्या आजीनं, सोजरानं, पेढे वाटले. पारावर मी सगळ्यास्नी सांगितलं, नात क्लम्झी झाली. संपत म्हणला, त्याची सूनबी पुढल्या साली क्लम्झी होईल.

आनंदराव गुरुजी तेवढे पेढा न खाता हातात धरून उभे. मी विचारलं, गोड न्हाई का? तवा त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, क्लम्झी म्हंजी वेंधळा, हातातनं वस्तू पाडणारा. मी लई भांडलो. म्हणलं, भरली घागर घेऊन बांधावरनं पळणारी पोर ती. गुरुजींनी घरनं जाड शब्दकोश आणला. त्यात निघालं, की हा शब्द जुन्या काळी थंडीनं बोटं बधिर झालेल्या माणसाला लावत.

आता मला सांग, वैशाखात कुरकुंभला थंडी कुठली? काय लपवतीस?

रागावलेला न्हाई, काळजीतला,
पोपटराव

दौंड, २३ मे २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग पेढ्यांचं आठवून पोट दुखेपर्यंत हसले.

आबा, माझ्याकडून बाटल्या फुटतात हे खरं. मार्चपासून मला शीतखोलीत घातलंय. औषधं खराब होऊ नयेत म्हणून तिथं कायम गारठा असतो आणि हातमोजे अगदी पातळ. बोटं आपली वाटतच नाहीत. मला वाटायचं, आपल्यातच खोट आहे. शब्दाचा उगम वाचला आणि धीर आला.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, बाकीचे कुणी तक्रार करत नाहीत. मी म्हटलं, तक्रार माझीही नाही, फक्त अर्धा तास माझ्या जागेवर बसून लेबलं लावून बघा. ते हसत हसत आत आले. पहिली लेबलं माझ्यापेक्षा सरळ लावली. मग त्यांचं हसू थांबलं. मग दोन बाटल्या फुटल्या आणि तिसरी मी झेलली. बाहेर येऊन त्यांनी कॅन्टीनमध्ये कप उचलला, तर सगळा चहा शर्टावर. कुणी हसलं नाही, पण सगळे एकाच वेळी खाली बघत होते.

आता जाड हातमोजे आलेत आणि मधूनमधून बाहेर येऊन हात शेकायची मुभा आहे. काल मला कायम केलं. साहेब म्हणाले, शेरा लिहिताना त्यांनी माझे हात बघितलेच नव्हते.

पुढच्या रविवारी येते. आजीला सांगा, तिच्या गुडघ्यांना तेल मी चोळणार. हात आता उबदार आहेत.

तुमची माया अशीच मिळत राहो,
तेजश्री